वेढ्यात घेतलेलं शेत

(आमच्या तरुण संघाच्या सभेत केलेलं हे बोलणं. रेकॉर्डिंगवरून उतरवताना माइकचे घोळ आणि दर वाक्यामागचं माझं "म्हणजे" तेवढं काढलंय. शेवटी दोन प्रश्नोत्तरं आहेत.)



मागच्या रविवारी आपण चिठ्ठ्या लिहून घेतल्या होत्या. नाव घालायचं नाही, येत्या वर्षात कशाची भीती वाटते तेवढंच लिहायचं. मी त्या सगळ्या वाचल्या. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या नोकरीच्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांत "एआय" आहे. गृहकर्ज आहे, आईबाबांची तब्येत आहे, लग्न जमेल का आहे. एकाने "लग्न जमलंय, हीच भीती" असं लिहिलंय. त्याला नंतर वेगळं भेटू.

पण एका चिठ्ठीवर वेगळाच प्रश्न होता. "मला रात्री झोप लागत नाही इतकी भीती वाटते. म्हणजे माझा विश्वास कमी आहे का?" आजचं बोलणं मुख्यतः त्या चिठ्ठीसाठी आहे.

आपल्या मंडळ्यांमध्ये एक पद्धत आहे. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत ताट फिरतं, त्यात वचनाची कार्डं असतात, आपण डोळे मिटून एक उचलतो. ते आपलं वर्षाचं वचन. मला ही पद्धत आवडते, माझ्या आजीच्या बायबलमध्ये चाळीस वर्षांची कार्डं आहेत. पण त्या ताटात एक वचन हमखास असतं, यिर्मया २९:११. कॅलेंडरवर तेच, कॉफीच्या मगवर तेच, पदवीदान समारंभाच्या स्टेटसवरही तेच. देव म्हणतो की तुमच्यासाठी माझ्या मनात असलेले संकल्प हिताचे आहेत, भविष्याची आशा देणारे आहेत. ज्याला हे कार्ड मिळतं त्याला वाटतं, चला, यंदा प्रमोशन.

आता त्याच्या आधीचं वचन वाचा. दहावं. तिथे लिहिलंय, बाबेलमध्ये सत्तर वर्षं पूर्ण झाल्यावर. हे एक पत्र आहे. यरुशलेमातून धरून नेलेल्या, बाबेलमध्ये कैद होऊन पडलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं. सत्तर वर्षं म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांच्या हयातीत सुटका नाही. त्यांना तो काय करायला सांगतो? घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, पोरांची लग्नं लावा, आणि ज्या शहरात तुम्हाला धरून नेलंय त्याच शहराचं भलं चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. कार्डावर दोन ओळींचीच जागा असते, त्यामुळे हे सगळं बाहेर राहतं.

त्याच्या आधीचा, म्हणजे अठ्ठाविसावा अध्याय तर मला एखाद्या यूट्यूब चॅनेलवरचा वाद वाटतो. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर जाहीर करतो की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, सगळे परत येतील. यिर्मयाच्या मानेवर तेव्हा लाकडी जू असतं, बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून. हनन्या ते काढून मोडतो. टाळ्या नक्की पडल्या असणार. सत्तर वर्षं ऐकायला कोण येतं?

आणि यिर्मया काय म्हणतो? तो आधी आमेन म्हणतो. देव खरंच असं करो, म्हणतो. मला हा माणूस इथे फार आवडतो. त्यालाही दोन वर्षंच हवी होती. पण आपल्याला हवं आहे म्हणून देवाने ते बोललं असं होत नाही, हे त्याला माहीत होतं. आजही "या तिमाहीत तुझं दार उघडणार" असं सांगणारे पुष्कळ आहेत. मी आयटीत आहे, मला माहितेय की तिमाही कशी असते. असं खात्रीने सांगणाऱ्याला माझा सरळ प्रश्न आहे, तुम्हाला हे कोणी सांगितलं?

आता भीतीबद्दल. आमच्या कामात ऑन-कॉल असतो. आठवडाभर फोन उशाशी, सर्व्हरवर काही बिघडलं की अलर्ट वाजतो. रात्री तीनला वाजला की छाती धडधडते. पण अलर्ट वाजला म्हणून कोणी इंजिनिअरला नालायक म्हणत नाही. अलर्ट एवढंच सांगतो की इकडे बघ. उलट, जो अलर्ट म्यूट करून झोपतो त्याची सकाळी खरी पंचाईत होते. भीती मला तशी वाटते. नोकऱ्या जातायत हे खरं आहे, म्हणून भीती वाटते. येशू गेथशेमानेत घाबराघुबरा झाला, अस्वस्थ झाला असं मार्क लिहितो. हा प्याला टळू दे म्हणून त्याने एकदा नाही, पुन्हा पुन्हा प्रार्थना केली. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायची हिंमत आहे का कोणाची? मग चिठ्ठी लिहिणाऱ्यालाही म्हणू नका, आणि त्यानेही स्वतःला म्हणू नये.

एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगतो. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, छातीत धडधड थांबत नसेल, तर डॉक्टरकडे जा. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या काकांना आपण विश्वास कमी आहे म्हणत नाही. मनाच्या गोळीलाही तोच नियम.

पण ऑन-कॉलची दुसरी बाजूही आहे. अलर्ट वाजत राहिला आणि आपण नुसतं स्क्रीनकडे बघत बसलो, तर काहीच दुरुस्त होत नाही. भीती इकडे बघ म्हणते, पुढे काय करायचं ते तिला माहीत नसतं. ते मला यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात सापडलं.

परिस्थिती अशी आहे. इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमाराचं यरुशलेम. बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, भिंतींना मातीचे मोर्चे लागलेत, आत दुष्काळ आणि रोगराई. शहर पडणार हे यिर्मया वर्षानुवर्षं सांगत आलाय, आणि तेच सांगितलं म्हणून राजा सिद्कीयाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडून ठेवलंय. म्हणजे बाहेर शत्रू, आत आपलेच लोक, आणि हा मधे कैदेत. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल भेटायला येतो. आता कैदेतल्या माणसाला भेटायला जाताना आपण काय नेतो? थोडी फळं, फार तर डबा. हनामेल व्यवहार घेऊन येतो. "अनाथोथातलं माझं शेत तू विकत घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे."

अनाथोथ यिर्मयाचं गाव, यरुशलेमपासून चार-पाच किलोमीटर. म्हणजे वेढ्याच्या बाहेर, जिथे शत्रूचं सैन्य फिरतंय. त्या शेताची बाजारभावाने किंमत काय असेल सांगा. शून्य. आपल्याकडे एखाद्याने धरणात बुडणारी जमीन विकायला काढावी, तसा प्रकार. भाऊबंदकीचे अनुभव इथे प्रत्येकाच्या घरात आहेत, त्यामुळे हनामेलच्या हेतूबद्दल मी काही बोलत नाही.

यिर्मया ते शेत घेतो. का, तर देवाने आधीच सांगितलं होतं की हनामेल येईल आणि हे मागेल. आणि मग तो अध्याय जे करतो ते मला फार मजेदार वाटतं. इतर ठिकाणी बायबल राजांची चाळीस-चाळीस वर्षं दोन ओळीत उरकतं. इथे एका शेताच्या खरेदीखताला अर्धं पान दिलंय. सतरा शेकेल रुपे, म्हणजे आजच्या वजनात साधारण दोनशे ग्रॅम चांदी, तराजूत तोलून दिली. दस्त लिहिला, सही केली, शिक्का मारला, साक्षीदार बोलावले. दस्ताच्या दोन प्रती, एक मोहोरबंद, एक उघडी. म्हणजे कोणी उघड्या प्रतीत खाडाखोड केली तर बंद प्रत फोडून ताडून बघायची. दोन्ही प्रती सगळ्यांसमोर त्याचा लेखनिक बारूख याच्या हातात दिल्या आणि सांगितलं, मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकायला हव्यात. ज्याने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अर्धा दिवस घालवलाय, आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि दोन साक्षीदार घेऊन रांगेत उभा राहिलाय, त्याला हा अध्याय घरचा वाटेल.

एवढी नीट कागदपत्रं कोण करतं? ज्याला वाटतं की हा कागद पुढे कोणीतरी वाचणार आहे. देवाचं म्हणणं एवढंच होतं की या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील. "शहर वाचेल" असं तो म्हणाला नाही. "तू सुटशील" असंही नाही. शहर पडलं, जळलं. यिर्मयाला पुढे लोकांनी जबरदस्तीने मिसर देशात नेलं आणि तिथून तो परतल्याचं बायबल सांगत नाही. त्या शेतातला एक दाणाही त्याने खाल्ला असं कुठे लिहिलेलं नाही.

आणि व्यवहार झाल्यावर काय झालं पाहा. दस्त बारूखला दिल्यावर तो प्रार्थनेला बसतो. सुरुवात जोरदार आहे, तूच आकाश आणि पृथ्वी निर्माण केलीस, तुला काही अवघड नाही. मग देवाची सगळी कामं मोजून दाखवतो. आणि शेवटी मुद्द्यावर येतो. मोर्चे शहराला भिडलेत, शहर खास्द्यांच्या हाती गेल्यातच जमा आहे, आणि तू मला सांगतोस, पैसे देऊन शेत घे? मराठीत सांगायचं तर, देवा, हे काय चाललंय? म्हणजे भीती आणि गोंधळ तसाच होता. तो जायची वाट बघून मग त्याने सही केली नाही. आधी सही केली, मग विचारलं. चिठ्ठीवाल्या मित्रा, किंवा मैत्रिणी, माझ्यापुरतं तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. विश्वास म्हणजे भीती नसणं असतं, तर यिर्मया त्या दिवशी नापास होता.

आता कोणी म्हणेल, हा तर आशावाद झाला, यात ख्रिस्ती काय? बरोबर आहे. आशावाद म्हणतो, बहुतेक वाईट होणार नाही. आपला विश्वास त्याहून विचित्र आहे. आपण म्हणतो, वाईट झालं. शुक्रवारी झालं. ज्याच्यावर सगळी आशा होती तो क्रुसावर मेला, त्याला गाडलं, आणि तिसऱ्या दिवशी देवाने त्याला उठवलं. त्यामुळे नाश हा देवाच्या कामाचा शेवटचा टप्पा असायची गरज नाही, हे आपल्याला एका घडलेल्या गोष्टीवरून कळतं. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय पूर्ण पुनरुत्थानावर आहे. मरणाला आव्हान देतो पौल त्यात. शेवटच्या वचनात म्हणतो, म्हणून प्रभूच्या कामात श्रम करत राहा, ते व्यर्थ नाहीत. आणि सोळाव्या अध्यायाची पहिली ओळ? वर्गणी. यरुशलेमच्या गरजू भावंडांसाठी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने थोडे पैसे बाजूला ठेवा. मला पूर्वी वाटायचं हा विषय किती धाडकन बदलला. आता वाटतं, बदललाच नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण सांगतो. पंडिता रमाबाईंचं नाव सगळ्यांना माहितेय, केडगावला सहलही गेलोय आपण. पण त्यांच्या आयुष्याची पहिली पंचवीस वर्षं बघा. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात वडील, आई आणि मोठी बहीण, थोड्याच काळाच्या अंतराने गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. हातात लहानगी मनोरमा. भविष्याला घाबरायचा हक्क कोणाला असेल तर या बाईला होता. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. अमेरिकेतल्या पाठीराख्यांनी मदतीची हमी दिली होती ती दहा वर्षांची. म्हणजे आजच्या भाषेत, फंडिंगला एक्स्पायरी डेट होती.

त्या काळात रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली. फळबाग लावायची, तिच्या उत्पन्नावर पुढे मुलींचा खर्च चालवायचा. चांगला हिशेबी विचार होता. मग १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः भुकेचे दिवस काढलेली ही बाई तिकडे गेली आणि मुलींना घेऊन आली. त्याच सुमारास पुण्यात प्लेग. शहरात मुलींना ठेवणं अवघड झालं. कुठे न्यायचं? केडगावला. बागेसाठी घेतलेली जमीन शेकडो जणींच्या डोक्यावरचं छप्पर झाली, मुक्ती सदन झालं. जमीन घेताना त्यांना प्लेग दिसत होता का? नाही. दिसायची गरजही नव्हती.

आणि पुढचं सगळं गोड झालं असंही नाही. ज्या मनोरमाबाईंवर पुढची सगळी भिस्त होती त्या १९२१ मध्ये आईच्या आधी गेल्या. रमाबाई १९२२ मध्ये. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून त्यांनी साध्या मराठीत केलेलं पूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये. पण ती संस्था केडगावला आजही आहे, आपण तिथल्या पंगतीत जेवलोय.

आता आपण. यिर्मयाने शेत घेतलं म्हणून उठून हिंजवडीत फ्लॅट बुक करू नका. यिर्मयाने कर्ज काढलं नव्हतं, रोख तोलून दिले होते. एका सेल्समनने मला "सर, विश्वासाने पाऊल टाका" असं सांगितलंय, म्हणून हे मुद्दाम बोलतो. आणखी एक. याच यिर्मयाला देवाने सोळाव्या अध्यायात लग्न करू नको म्हणून सांगितलं, आणि कैदेतल्या लोकांना त्याच्याच हाताने लग्नं करा म्हणून लिहवलं. म्हणजे एकच फॉर्म्युला सगळ्यांना लागू नाही. तुमचं शेत कोणतं, हे मी इथून सांगू शकत नाही. रेझ्युमे अपडेट करा, नवीन टूल शिका, सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाका. यात अविश्वास काही नाही. यिर्मयानेही दस्ताची दुसरी प्रत ठेवलीच होती.

फक्त मला माझ्यातलं एक दिसतं ते सांगतो. आमच्या प्रोजेक्टमध्ये वर्षाच्या सुरुवातीला चौदा जण होते, आता नऊ आहेत. पुढची यादी येत्या शुक्रवारी येणार. गेले तीन महिने माझ्या मनात एकच वाक्य फिरतंय, एकदा हे स्थिर होऊ दे, मग. मग लग्नाची तारीख ठरवू. मग संघाच्या निधीत टाकू. मग गावी जाऊन बाबांना दवाखान्यात नेऊ. भीतीने मला रडवलं नाही की पळवलं नाही, तिने फक्त सगळ्या चांगल्या गोष्टी "मग"वर टाकल्या. आणि ते स्थिर होणं, मित्रांनो, आमच्या क्षेत्रात येणार नाहीये. ही यादी गेली की पुढची येईल.

म्हणून तारीख ठरली. ती मागच्या बाकावर बसली आहे, लाजू नकोस, सगळ्यांना कळणारच होतं. तिच्या वडिलांनी मला थेट विचारलं, "नोकरीचं काय?" मी म्हटलं, "काका, शुक्रवारपर्यंत आहे, पुढचं माहीत नाही." ते जरा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हॉल छोटा घेऊ."

आणि संघाचा निधी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपल्यातल्या कोणाची नोकरी गेली तर तीन महिने भाडं किंवा हप्ता यातून द्यायचा, परत मागायचा नाही. वही आहे, दर महिन्याला दोघांच्या सह्या होतात, कोणाला मदत दिली ते नाव बाहेर जात नाही. ज्यांना आज पगार आहे त्यांनी आज टाकायचं. उद्या तेच घेणारे असू शकतात, मीही.

आणि ज्यांची नोकरी गेलीय त्यांना कृपा करून यिर्मया २९:११ व्हॉट्सॲप करू नका. जेवायला बोलवा. ओळखीने रेझ्युमे पुढे पाठवा. सत्तर वर्षांचं पत्र ऐकणाऱ्या लोकांजवळ निदान एकमेकांची सोबत होती.

एवढंच बोलायचं होतं. प्रश्न घेऊ.

(पहिला प्रश्न, एका मुलीचा: ते मातीचं भांडं कोणाला सापडलं का?)

नाही, ते भांडं नाही सापडलं. पण तुला आवडेल असं एक सांगतो. १९८२ मध्ये यरुशलेमच्या जुन्या भागात, दावीदनगरात, उत्खननात मातीचे पन्नासेक शिक्के सापडले, दस्तांना लावायचे तसे. दस्त ज्यावर लिहिले होते ते जळून गेलं. शिक्के नुसत्या मातीचे, एरवी तेही विरघळून गेले असते. पण बाबेलने शहर जाळलं त्या आगीत ते भाजले गेले आणि टिकले. त्यातल्या एका शिक्क्यावर शाफानाचा मुलगा गमऱ्या हे नाव आहे. यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात याच नावाचा माणूस आहे, त्याच्याच खोलीतून बारूखने गुंडाळी वाचून दाखवली होती. खुद्द बारूखच्या नावाचेही शिक्के दाखवले जातात, पण ते बाजारातून आलेले आहेत आणि अभ्यासकांना त्यांची शंका आहे, त्यामुळे फॉरवर्ड आला तर लगेच पुढे पाठवू नकोस.

(दुसरा प्रश्न, मागून: शुक्रवारी तुझं नाव यादीत आलं तर?)

तर रात्री झोप लागणार नाही. आईला फोन करेन, ती रडेल, मग मला धीर देईल. निधीच्या वहीत मग माझं नाव दुसऱ्या बाजूला लिहावं लागेल, सह्या करणाऱ्या दोघांपैकी एक मी आहे, तेव्हा ते काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावं लागेल. कोण घेणार ते आजच ठरवू या.

आणि शनिवारचं लक्षात ठेवा. आपल्यातल्या एकाचं घर हलवायचंय, दोन खोल्यांतून एका खोलीत. टेम्पो सकाळी आठला येणार आहे, फ्रिज तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचाय आणि लिफ्ट बंद आहे. चार जण लागतील. मी आहे, अजून तिघं सांगा.